दारातून परत फिरलेल्या मुलीला

ताई,
मी २७ वर्षांची. राहते डोंबिवलीला, नोकरी फोर्टला. गेली आठ वर्षं मंगळवार-शुक्रवारी संध्याकाळी दादरला ज्युदोच्या क्लासला जाते. ब्राउन बेल्ट आहे, यंदा ब्लॅक बेल्टची परीक्षा द्यायची होती. पाच महिन्यांपूर्वी रँदोरीत, म्हणजे मोकळ्या सरावाच्या लढतीत, एका सतरा वर्षांच्या मुलीनं मला ओसोतोगारी (मागून पाय उडवून पाडायचा डाव) घातली. तिच्याकडून पडायचं नाही म्हणून मी पाय रोवला आणि नेमका तोच पाय दोन मॅटांच्या फटीत अडकला. डाव्या गुडघ्याचं एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, तुटलं. ऑपरेशनला चार महिने झाले. आता चालताना दुखत नाही. सर म्हणतात, ये, हलकं हलकं सुरू कर. फिजिओ म्हणते, अजून नाही. सुरुवातीला घरचे व्यायाम नेमानं करायचे, आता कंटाळा येतो. मागच्या शुक्रवारी हॉलपर्यंत गेले. जिन्यात पोरं पडल्याचे धपाधप आवाज ऐकू आले आणि तिथूनच परत फिरले. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला, लोकल पकडली, डोंबिवलीपर्यंत डोळे पुसत आले. त्या मुलीचे मेसेज येऊन पडलेत, मी उत्तर दिलेलं नाही. तिला ब्लॅक बेल्ट मिळाला. आई म्हणते, आता पुरे. बाकी सगळे म्हणतात, कुस्तीतल्या विनेश फोगाटकडे बघ. मला आता वेगळाच प्रश्न पडलाय. मला ज्युदो खरंच आवडायचं, की ती नुसती सवय होती? मोटिव्हेशन कसं टिकवू?
— एक वाचक, डोंबिवली

अगं,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, सवयच होती. ऑफिस सुटल्यावर सरळ घर गाठायचं सोडून मध्येच दादरला उतरायचं, घामानं जड झालेला गी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, पिशवीत कोंबून पुन्हा गर्दीत शिरायचं, रात्री दहाला गार झालेली पोळी खायची, हे आठ वर्षं कुणी आवडीच्या जोरावर करत नाही. आवड पहिल्या पावसाळ्यातच वाहून जाते. जुलैतल्या एखाद्या मंगळवारी गाड्या रखडल्या असताना तू क्लासला पोचली असशील, तेव्हा काही मनात उमाळा दाटून आला नव्हता. मंगळवार होता, म्हणून गेलीस. 'नुसती' म्हणून तू जिला हिणवते आहेस, ती तुझ्याकडची सगळ्यात भक्कम वस्तू होती. गुडघ्यासोबत तीही तुटली. गुडघा जोडायला सर्जन होता. सवयीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, तुझंही नाही.

म्हणून मोटिव्हेशनबद्दल मला विचारू नकोस. ते माझ्याकडे कधीच फारसं नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार, सात ते साडेआठ, एवढा वेळ आधी परत मिळव. इच्छा मागून येते. एखाद्या दिवशी नाहीच आली, तरी साडेआठ वाजतातच.

माझे एक काका लालबागला तालमीत जायचे. गिरणीची पाळी सुटली की तालीम. मुलींना आत सोडत नसत, त्यामुळे मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघायचे. आतून हळद, तेल आणि ताक मुरलेल्या लाल मातीचा वास यायचा. एका वर्षी काकांच्या घोट्याचं हाड मोडलं. वस्तादांनी त्यांना घरी बसू दिलं नाही. प्लास्टरचा पाय पुढे पसरून ते हौद्याच्या कडेला बसायचे. पोरांच्या जोर-बैठका मोजायच्या, कुणाचा पट सुटला ते ओरडून सांगायचं, कोण लबाडी करतंय ते वस्तादांच्या कानावर घालायचं. हजेरी रोजची. पुढे मी ज्युदोत सेओई नागे, पाठीवरून टाकायचा डाव, शिकले तेव्हा घरी येऊन त्यांना करून दाखवला. ते हसले. म्हणाले, हा तर आमचा धोबीपछाड, आणि मला तो कळला तो पाय मोडल्यावर. तोवर नुसता मारत होतो.

जपानी लोकांनी यालाही नाव देऊन ठेवलंय, मितोरी गेइको, म्हणजे बघून केलेला सराव. ही सोय लंगड्या माणसाची समजूत काढायला केलेली नाही. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोतल्या एका देवळात, जेमतेम बारा ताताम्यांच्या (गवती चटयांच्या) जागेत कोदोकान ही आपली शाळा सुरू केली. ज्युदो शिकवायचे त्यांनी चार मार्ग मानले होते: रँदोरी, काता (ठरलेल्या क्रमानं जोडीनं करायचे डाव), व्याख्यान आणि प्रश्नोत्तरं. आपल्याकडे क्लासात काय होतं ते तुला माहीत आहे. थोडं वॉर्मअप, थोडं उचिकोमी (न टाकता नुसतं डावात शिरणं), मग रँदोरी. काताची आठवण परीक्षेच्या पंधरा दिवस आधी होते. व्याख्यान म्हणजे उशिरा आलेल्यांना सर जे ऐकवतात ते. तुझ्या गुडघ्यानं चारातला एक मार्ग पूर्ण बंद केलाय, दुसरा अर्धा. उरलेले दोन तू आठ वर्षांत उघडूनही बघितले नसशील.

तेव्हा या शुक्रवारी जा. वही घेऊन जा आणि कडेला खुर्ची मागून घे. खाली मांडी घालून बसू नकोस, उठताना गुडघ्यावर उगाच भार येईल. सगळ्यांकडे बघत बसलीस तर पंधराव्या मिनिटाला डोळे भरून येतील, हे मी अनुभवानं सांगते. एकच जोडी धर, एकच गोष्ट बघ. उदाहरणार्थ, पकड मिळाल्यापासून डाव सुरू होईपर्यंत टाकणाऱ्याचे पाय काय करतात? समोरचीचा तोल आधी हलतो की डाव आधी सुरू होतो? कुझुशी कुझुशी, म्हणजे तोल ढळवणं, म्हणून आपण घोकतो, पण मॅटवर असताना ती दिसत नाही, तोंडावर समोरच्याची कॉलर असते. बाहेरून दिसते. घरी जाताना गाडीत एक ओळ लिही. फक्त एक. रँदोरीचं घड्याळ सरांकडून मागून घे, चार चार मिनिटांचं. कडेला बसलेल्या माणसाच्या हातात काहीतरी असलं की तो प्रेक्षक राहत नाही.

काताचं म्हणशील तर तुझी परीक्षा डोक्यानं आजपासून सुरू होऊ शकते. नागे नो काता म्हणजे पाच गटांतले १५ डाव, प्रत्येक डाव उजवीकडून आणि डावीकडून. शोदानला, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टला, साधारणपणे पहिले तीन गट मागतात, हाताचे, कमरेचे आणि पायाचे. तुमच्याकडे नक्की काय मागतात ते सरांना विचार. ते पाठ कर, आणि नुसतं तोरीचं (टाकणाऱ्याचं) नको, उकेचंही (पडणाऱ्याचंही). बहुतेकांना टाकणाऱ्याची पावलं येतात आणि पडणाऱ्यानं कुठल्या पावलाला काय करायचं असतं याचा पत्ता नसतो. मग परीक्षेत उके खांबासारखा उभा आणि तोरी त्याला ओढतोय, असा तमाशा होतो. लोकलमध्ये डोळे मिटून एकेक डाव मनात पूर्ण चालवायचा, पहिल्या वाकून केलेल्या नमस्कारापासून. खेळाडूंच्या बाबतीत हे बऱ्यापैकी अभ्यासलं गेलंय. मनात केलेल्या हालचालीनं मेंदूतल्या बऱ्याचशा त्याच जागा जाग्या होतात. सरावाची जागा ते घेत नाही, पण वाट बुजू देत नाही. त्या नादात कल्याणला पोचलीस तर डोंबिवली चुकली म्हणून माझ्यावर चिडू नकोस.

केइको फुकुदा या बाईंचं नाव क्लासात कधी कानावर आलंय का? त्यांचे आजोबा कानोंचे जुजुत्सूचे गुरू. बाई स्वतः कानोंच्या हाताखाली शिकल्या आणि ज्यू नो कातात अशा रमल्या की पुढचं आयुष्य त्यातच गेलं. या कातात कुणी कुणाला टाकत नाही, पडावंच लागत नाही. २०११ साली, ९८ व्या वर्षी त्यांना अमेरिकेच्या ज्युदो संघटनेनं दहावा दान, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली सगळ्यात वरची पायरी, दिला. तू उद्यापासून ज्यू नो काता कर असं मी म्हणत नाहीये. त्यात वाकणं-वळणं भरपूर आहे आणि तुझ्या गुडघ्याला त्यातलं काय चालेल हे फिजिओ ठरवेल. मला इतकंच म्हणायचंय की ज्युदो म्हणजे रँदोरी, हा समज आपला आहे, ज्युदोचा नाही.

आता 'चालताना दुखत नाही' या वाक्याकडे येते. तुझ्या सगळ्या पत्रात मला भीती वाटली ती याच वाक्याची.

तुझ्या गुडघ्यात आता जी दोरी आहे, ती तुझ्याच शरीरातून काढून बसवली असणार, बहुधा मांडीच्या मागच्या भागातून किंवा गुडघ्याच्या वाटीखालून. बसवलेल्या दिवशी ती मजबूत असते. मग गंमत होते. तिचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो, शरीर तिला हळूहळू आपलंसं करतं, नव्या रक्तवाहिन्या धाडतं, तिचे धागे नव्यानं विणतं. या मधल्या काळात ती पहिल्या दिवसापेक्षा कच्ची असते. आणि नेमक्या याच काळात सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, माणसाला वाटतं झालं आपलं. दुखणं थांबणं आणि दोरी पिकणं यांचं वेळापत्रक एक नाही. वळण्या-फिरण्याच्या खेळात नऊ महिन्यांच्या आत परतलेल्यांचा गुडघा पुन्हा जायचं प्रमाण बरंच जास्त आढळलंय, म्हणून नऊ महिने हा आकडा सारखा ऐकू येतो. तेही नुसतं कॅलेंडर बघून नाही. ताकदीत आणि एका पायावरच्या उडीत दुखरा पाय चांगल्या पायाच्या किमान ९० टक्क्यांपर्यंत आला पाहिजे, असा साधारण निकष असतो. तू उजव्या हाताची असशील तर उचीमाता म्हण, हाराई गोशी म्हण, तुझं सगळं वजन त्या डाव्या पायावर उभं राहून गरकन फिरणार आहे. चौथ्या महिन्यातलं 'हलकं हलकं' म्हणजे नेमकं काय, ते सरांनी फिजिओला फोन करून विचारावं. सर चांगले असतील, तुझी आठवण येते म्हणूनच बोलावत असतील. पण गुडघा मॅटवर कधी उतरवायचा हा निकाल सरांचा नाही.

मी एकोणीस वर्षांची असताना खांद्यावर पडले होते. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले. सहाव्या आठवड्यात निवड चाचणी होती. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी विचारलं, दुखतंय का? मी नाही म्हणाले, आणि खोटं बोलले नव्हते, खरंच दुखत नव्हतं. पहिली लढत दीड मिनिट चालली. आता साठीला आले. चाळीत वरच्या दांडीवर काठीनं कपडे वाळत घालताना उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डाव्यानं ढकलावी लागते काठी. निवड कुणाची झाली होती तेही आता आठवत नाही.

घरचे व्यायाम कंटाळवाणे असतात, यात वाद नाही. पाय सरळ ठेवून उचला, दहा सेकंद धरा, सोडा. यात कुणाला रस वाटेल? तुला आठ वर्षं समोर माणूस असायची सवय, इथे समोर भिंत. तर शिंप्याचा टेप आण. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटिमीटर वर दोन्ही मांड्यांवर खूण कर आणि दर महिन्याच्या एक तारखेला घेर मोजून वहीत लिही. ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू भराभर आटतो आणि यायला मात्र अंत बघतो. दोन आकड्यांतलं अंतर हा सध्या तुझा प्रतिस्पर्धी. फिजिओच्या परवानगीनं उजव्या पायालाही भरपूर काम दे. एका बाजूच्या व्यायामाचा थोडा फायदा दुसऱ्या बाजूच्या ताकदीलाही मिळतो, ही शरीराची एक जुनी, सिद्ध झालेली चलाखी आहे.

हातांना तर कुणी सुट्टी दिलेली नाही. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या ग्रिलला बांध, खुर्चीत बस आणि पकडीचं ओढणं कर, एक हात बाहीचा, एक हात कॉलरचा. (ग्रिल आधी हलवून बघ. मुंबईतल्या ग्रिलांवर माझा विश्वास नाही.) आठवड्यातून दोनदा डावखुऱ्या पकडीनं. परत जाशील तेव्हा डावी बाजूही तयार असली तर सगळ्यांना जड जाशील.

विनेशचं. लोक चांगल्या मनानं सांगतात, पण अर्धंच सांगतात. २०१६ ला रिओत गुडघा गेला तेव्हा तिला स्ट्रेचरवरून नेलं; दोन वर्षांनी जकार्ताला एशियाडचं सुवर्ण घेतलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा गुडघा, ऑपरेशन आपल्या मुंबईतच झालं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये पॅरिसला तिनं जपानच्या युई सुसाकीला हरवलं, जिला तोवर एकाही परदेशी कुस्तीगिरानं हरवलं नव्हतं. हे सगळं खरं. पण उभ्या दिवसाचं तिचं काम तेच होतं, आणि ऑपरेशननंतर ती एशियाडला मुकली, ते कुणी फॉरवर्ड करत नाही. तुला नऊ तास ऑफिस आणि तीन तास रेल्वे आहे. तिच्याकडे बघायचंच तर न खेळलेल्या त्या एशियाडकडे बघ.

आईशी भांडू नकोस. तिला ज्युदो नको झालेलं नाही, हॉस्पिटलातलं ते बाकडं पुन्हा नको आहे. पुढच्या वेळी फिजिओकडे तिला सोबत ने आणि तिचे प्रश्न तिलाच विचारू दे. बाकी काम फिजिओ करेल.

आणि आता ती मुलगी. हा मजकूर तू लोकलच्या आणि आईच्या मध्ये दडवून टाकलास, पण जिन्यातून तुला परत कुणी पाठवलं याचा मला अंदाज आहे. आवाजानं नाही पाठवलं. वर गेलीस तर ती असणार होती, कमरेला काळा पट्टा बांधून.

तुझंच वाक्य तुला वाचून दाखवते: 'तिच्याकडून पडायचं नाही म्हणून मी पाय रोवला.' पत्रात हे लिहायला धाडस लागतं, आणि तू लिहिलंस, म्हणून मी एवढं स्पष्ट बोलतेय. तिनं डाव घातला तो चुकीचा नव्हता. तू तिच्या जागी असतीस तर हाच घातला असतास. ज्युदोत पहिला महिना आपल्याला काय शिकवतात? पडायला. हाताचा तळवा मॅटवर आपटून, हनुवटी छातीला लावून, शंभर वेळा पडायला. आठ वर्षांत हजारो वेळा पडली असशील आणि एकदा, एका लहान मुलीसमोर, नको वाटलं. असं सगळ्यांचं होतं. माझं झालंय. पण त्या एका सेकंदाचं ओझं ती सतरा वर्षांची पोर पाच महिने वाहतेय, परीक्षा देतेय, पट्टा घेतेय, आणि जिच्याकडून शिकली त्या ताईचं उत्तर नाही. सतराव्या वर्षी याचा अर्थ एकच लागतो. तिला वाटत असणार की आपण कुणाचं तरी वाटोळं केलं.

मेसेज नको, फोन कर. लांबलचक माफीनामा, समजावणं काही नको. पट्ट्याबद्दल अभिनंदन कर आणि विचार, शुक्रवारी येणार आहेस ना, मी कडेला बसणार आहे. फार तर रडेल. तूही रडशील. हे तिच्यासाठी करायचंय तितकंच तुझ्यासाठीही. ज्युदो एकटीनं होत नाही. तुला पुन्हा कुणाच्या तरी हातात आपली बाही द्यायची आहे, आणि ते करताना तुझा गुडघा आधी तिचा चेहरा आठवेल. परतशील तेव्हा सुरुवात पांढऱ्या पट्ट्यासारखी होईल: आडवं पडून उकेमी, म्हणजे पडायचा सराव, मग उकिडवं बसून, मग उभं राहून. पहिल्यांदा उभ्यानं पडताना अंग लाकूड होईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्या दिवशी टाकायला तिलाच सांग. तुला सगळ्यात सांभाळून तीच टाकेल.

रडू येतं म्हणालीस. गाडीत रडणं मी फार मनावर घेत नाही. मुंबईत रडायला तेवढीच निवांत जागा आहे, कुणी काही विचारत नाही. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि असं दोन-तीन आठवडे चाललं असेल, तर समुपदेशकाशी बोल. सरकारची टेली मानस सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतून बोलता येतं. दुखऱ्या गुडघ्यासाठी डॉक्टर आणि दुखऱ्या मनासाठी फक्त फॉरवर्ड, हे मला पटत नाही. क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप तोवर म्यूट करून ठेवलास तरी चालेल. फोटो बघण्यापेक्षा प्रत्यक्ष बघणं बरं.

शुक्रवारी जरा लवकर पोच, मॅट घालायच्या वेळेला. मॅट उचलू नकोस, तेवढं वाकून वजन घेणं अजून नको. पोरं मॅट मांडतील, तू नुसती चालत जा आणि प्रत्येक जोडावरून चप्पल काढून पायाचा अंगठा फिरव. जिथे फट लागेल तिथे पोरांना बोलाव आणि चारी बाजूंनी दाबून घ्यायला लाव. पुलावरून उतरताना कठडा धर, पाऊस असेल.